रविवारच्या बॅचला पायथन: आठ रविवारांत काय घ्यावं, मुलं कुठे अडतात?

वाचनालय_रविवार

नमस्कार. मंगळवार पेठेतल्या आमच्या वाचनालयात नववी-दहावीच्या बारा मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायचं ठरलंय. आठ रविवार, दर वेळी दोन तास. कॉम्प्युटर सहा आहेत. त्यातले चार विंडोज १० चे आणि दोन जुने विंडोज ७ चे. नेटचा भरवसा नाही. सगळी मुलं मराठी माध्यमाची आहेत. टायपिंग हळू आहे, पण गणित पक्कं आहे.

मला सी ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा नीट येते, पायथन कामापुरतं येतं. शिकवायचा क्रम मात्र ठरत नाहीये. कोणतं व्हर्जन टाकू? सुरुवात कशाने करू? मुलं हमखास कुठे अडकतात? कोडमध्ये मराठी चालतं का, हेही जाणकारांनी सांगावं.

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

ताई, आधी मशीनचं बघू. पायथन ३.९ पासून पुढचं कुठलंच व्हर्जन विंडोज ७ वर चालत नाही. त्या दोन मशीनवर ३.८.१० टाका, विंडोज ७ साठी तयार इन्स्टॉलर असलेलं हेच शेवटचं. मशीनवर सर्व्हिस पॅक १ असावा लागतो. मशीन ३२ बिटचं आहे की ६४, हे माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये बघून तोच इन्स्टॉलर घ्या. फाइल तीस एमबीच्या आसपास आहे. घरून पेन ड्राइव्हवर आणली की नेट लागत नाही.

इन्स्टॉल करताना पहिल्याच स्क्रीनवर खाली 'अ‍ॅड पायथन टू पाथ' असा चौकोन असतो. त्यावर टिक करायची राहिली, तर कमांड खिडकीत पायथन टाइप केल्यावर विंडोज १० उलट मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडून दाखवतं आणि पायथन बसलंच नाही असं वाटतं. कोड लिहायला वेगळा एडिटर नको. पायथनबरोबर आयडल नावाचा एडिटर येतो, तो पुरे. त्यात दोन खिडक्या असतात. तीन बाणांची खिडकी एकेक ओळ करून बघायला, आणि फाइल मेनूतून न्यू फाइल उघडली की प्रोग्राम लिहायला, तो एफ ५ ने चालवायला. हा फरक पहिल्या दिवशी करून दाखवाच. नाहीतर मुलं बाणांसकट ओळी फाइलमध्ये कॉपी करतात आणि सिंटॅक्सएरर (लिहिण्याच्या नियमातली चूक) येत राहतो.

आता विषय. घरी म्हैस असलेल्या मुलाला दुधाचं बिल समजावून सांगावं लागत नाही, म्हणून आठही रविवार तोच एक प्रोग्राम वाढवत न्या. पहिल्या दिवशी एवढंच (इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. मशीनवर इनपुट, प्रिंट, फॉर हे पायथनचे शब्द इंग्रजी स्पेलिंगने आणि आकडे इंग्रजी):

सकाळ = इनपुट("सकाळचे लिटर: ")
सांज = इनपुट("सांजचे लिटर: ")
प्रिंट(सकाळ + सांज)

मुलाने ४.५ आणि ३.५ टाकले की उत्तर ८ येत नाही, ४.५३.५ येतं. ही चूक आधीच टाळू नका, मुद्दाम होऊ द्या. इनपुट नेहमी मजकूर देतं, मग तुम्ही आकडे टाका नाहीतर नाव. आणि मजकुराला अधिक केलं की दोन तुकडे शेजारी चिकटतात. मग इनपुटभोवती फ्लोट (मजकुराचा दशांश आकडा करणारं) लावायचं, उत्तर ८.० येतं. लगेच विचारा, फ्लोटऐवजी इंट (पूर्णांक करणारं) लावलं तर? '४.५' हा मजकूर इंटला पचत नाही, व्हॅल्यूएरर येतो. नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी या मजकूर-आकडा गोंधळातल्या असतात, त्यामुळे इथे पूर्ण दोन तास गेले तरी चालतील.

मग दर. समजा दुधाची फॅट ६ किंवा जास्त असेल तर ५० रुपये, ७ किंवा जास्त असेल तर ५६ (दर मनाने धरलेत). बहुतेक मुलं आधी ६ ची अट लिहितात, मग एलिफमध्ये ('नाहीतर जर') ७ ची. त्यामुळे ७.२ फॅटलाही ५० च मिळतात, कारण पहिली खरी ठरलेली अट घेऊन पायथन बाकीच्यांकडे बघतच नाही. मोठी अट वर घ्यायची. इथे एररसुद्धा येत नाही, फक्त शेतकऱ्याचे पैसे कमी होतात. मुलांना हे चांगलं लागतं.

त्यानंतर फॉर (तेच काम पुन्हा पुन्हा करणारं लूप), मग लिस्ट (यादी), मग फंक्शन (नाव देऊन ठेवलेला कोडचा तुकडा). क्लास वगैरे आठ रविवारांत घेऊ नका.

सी मधून येताय म्हणून तीन गोष्टी. ७ भागिले २ पायथनमध्ये ३.५ येतं, ३ हवं असेल तर भागाकाराची तिरकी रेघ दोनदा. दोन अधिक चिन्हं नावानंतर लावली तर एरर येतो, पण नावाच्या आधी लावली तर काहीच होत नाही आणि एररही येत नाही, हे जास्त घातक. आणि फॅट ६ ते ७ च्या मध्ये आहे का हे गणितात लिहितो तसंच एका ओळीत लिहिता येतं. सी मध्ये तीच ओळ कंपाइल होते, पण उत्तर चुकीचं देते.

---

शिरोली_लेथ

वरचं सगळं मान्य, सुरुवात सोडून. पहिल्या दिवशी हिशोब नको, चित्र द्या. पायथनबरोबरच टर्टल हा चित्रं काढायचा भाग येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. फॉरवर्ड १००, राइट ९०, असं चार वेळा केलं की चौकोन. चार वेळा तेच टाइप करून हात दुखला की मुलं स्वतःच विचारतात, हे एकदाच लिहिता येत नाही का? तिथे फॉर द्यायचा. पाचव्या रविवारपर्यंत थांबवू नका.

त्रिकोणाला मुलं ६० अंश देतात, कारण पुस्तकात समभुज त्रिकोणाचा कोन ६० असतो. त्रिकोण बंदच होत नाही, अर्धा षटकोन दिसतो. टर्टल वळतं ते बाहेरच्या कोनात, म्हणजे १८० वजा ६०, १२० अंश. फरशीवर खडूने रेघ मारून एका मुलाला त्यावरून चालायला लावा, कोपऱ्यावर तो किती वळतो ते सगळ्यांना दिसतं. मग ३६० भागिले बाजू हे सूत्र त्यांचं तेच काढतात. पंचकोनाला ७२, पाच टोकांच्या चांदणीला १४४.

एक सापळा आधीच सांगतो. मूल फाइलला टर्टल हेच नाव देतं. मग इम्पोर्ट टर्टल म्हटल्यावर पायथन खरं टर्टल सोडून शेजारची हीच फाइल उघडतं, आणि टर्टलमध्ये फॉरवर्ड नाहीच अशी तक्रार करतं. कोड बरोबर असतो, त्यामुळे अर्धा तास कुणालाच कळत नाही. फाइलचं नाव बदललं की चालतं. रँडम या तयार भागाचंही असंच होतं. फाइलवर डबल क्लिक करून चालवलं तर चित्र पूर्ण होताच खिडकी मिटते. शेवटी टर्टल.डन() लिहायचं.

आणि एरर वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. लाल मजकूर आला की मुलं घाबरून सगळं पुसतात. सांगा, शेवटची ओळ आधी वाचायची, तिथे काय चुकलं ते असतं. मग वरचा ओळ क्रमांक. नेमएरर म्हणजे ते नाव पायथनला माहीत नाही. बहुतेक वेळा स्पेलिंग चुकलेलं असतं किंवा प्रिंटचं पहिलं अक्षर कॅपिटल झालेलं असतं. सिंटॅक्सएररला मात्र दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळही बघायची, कारण कंस तिथे उघडा राहिलेला असू शकतो. ३.१० पासून हे संदेश बरेच सुधारलेत, तुमच्या ३.८ च्या मशीनवर जुनेच दिसतील. म्हणून प्रत्येक मूल एकदा तरी विंडोज १० च्या मशीनवर बसू दे.

कोड वर्डमध्ये टाइप करून देऊ नका. वर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतं आणि पायथन ती घेत नाही.

---

पंचगंगा_काठ

मराठीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत ठेवायच्या जागेचं, नाव देवनागरीत चालतं. लिटर, दर, एकूण अशी नावं खुशाल ठेवा. इफ, फॉर हे शब्द मात्र इंग्रजीच. अडचण एकच, दर ओळीत कीबोर्ड मराठी-इंग्रजी बदलत बसावं लागतं. टायपिंग हळू असलेल्या मुलांना ते जड जाईल. नावं इंग्रजी लिपीत, पण शब्द मराठी, असा मधला मार्ग बरा. संदेश मात्र शुद्ध मराठीत छापा.

आकड्यांची गंमत मुलांना दाखवाच. कोडमध्ये थेट ४५ असं देवनागरीत लिहिलं तर सिंटॅक्सएरर. पण प्रोग्राम चालू असताना इनपुटला कुणी ४५ देवनागरीत टाकलं, तर इंट त्याचा बरोबर आकडा करतं. फ्लोटही करतं.

दुसरं, लेन म्हणजे लांबी मोजणं. लेन("कोल्हापूर") किती येईल ते आधी पाटीवर लिहून घ्या. मुलं चार म्हणतील, को-ल्हा-पू-र. उत्तर नऊ येतं. क, काना-मात्रा, ल, हलन्त, ह, काना, प, दीर्घ ऊकार, र, असं पायथन प्रत्येक खूण सुटी मोजतं. हाच शब्द उलटा छापायला सांगितला की मात्रा भलत्याच अक्षराला जाऊन बसतात. इंग्रजी शब्द उलटा करायचा पुस्तकी सराव मराठीत का बिघडतो, ते इथे कळतं.

बिल फाइलमध्ये लिहाल तेव्हा फाइल उघडायच्या ओपनमध्ये एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) 'यूटीएफ-८' द्यायला विसरू नका. विंडोजवर ते दिलं नाही तर मराठी अक्षर लिहिताना युनिकोडएन्कोडएरर येऊ शकतो. आणि वाचतानाही तेच द्यायचं.

---

वाचनालय_रविवार

तिघांचेही आभार. टर्टलने सुरू करते, दुसऱ्या रविवारपासून दूध. सरावासाठी दहा दिवसांच्या बिलाचा प्रोग्राम लिहिला, त्यात मुलं करतील अशा चुका मुद्दाम ठेवल्यात. फळ्यावर या कशा समजावाव्यात?

फॉर दिवस इन रेंज(१, १०):
    एकूण = ०
    लिटर = फ्लोट(इनपुट("लिटर: "))
    एकूण = एकूण + लिटर
प्रिंट(एकूण)

आणि दुसरं, बिल काढायचं फंक्शन लिहिलं की उत्तर दिसतं, पण त्याला पुढे गुणलं की टाइपएरर येतो, त्यात 'नन' असं काहीतरी असतं. हे मुलांच्या भाषेत कसं सांगू?

---

राजारामपुरी_आठवी_गल्ली

पहिल्यात चुका दोन. रेंज(१, १०) नऊवरच थांबतं, दहा दिवस हवे तर ११ लिहायचं. ही चूक नऊ वेळाच विचारणा झाली की मुलांना स्वतःला कळते. दुसरी लपलेली आहे. एकूण = ० लूपच्या आत असल्यामुळे रोज सकाळी वही कोरी होते आणि शेवटी फक्त शेवटच्या दिवसाचे लिटर उरतात. फळ्यावर तीन रकाने आखा: दिवस, लिटर, एकूण. एक मूल पायथन होऊन ओळ वाचेल, दुसरं आकडा लिहील आणि पुसेल. तिसऱ्या दिवशी पुसायच्या वेळीच कुणीतरी ओरडेल. मग ती ओळ फॉरच्या वर न्या आणि डावीकडच्या कडेला आणा.

समास नेहमी चार स्पेसचा. आयडलमध्ये टॅब दाबला की चार स्पेसच पडतात, पण दुसऱ्या एडिटरमधून आणलेल्या फाइलमध्ये टॅब आणि स्पेस मिसळले असले तर टॅबएरर येतो. आणि शेवटचं प्रिंट चुकून आत गेलं तर रोज एकूण छापलं जातं. तो एरर नाही, पण मुलं गोंधळतात.

नन म्हणजे फंक्शनने परत काहीच दिलं नाही. प्रिंट म्हणजे दूध संस्थेच्या दारातल्या पाटीवर रक्कम लिहिणं. सगळ्यांनी वाचली, पण पैसे कुणाच्या हातात पडले नाहीत. रिटर्न म्हणजे रक्कम हातावर ठेवणं, ती मोजता येते, गुणता येते, दुसऱ्याला देता येते. फंक्शनच्या आतलं प्रिंट काढून रिटर्न लिहा आणि प्रिंट बाहेर घ्या. लिस्टलाही हेच होतं: यादी = यादी.सॉर्ट() लिहिलं की यादी जागच्या जागी लागते, पण सॉर्ट परत नन देतं आणि तुमच्या नावावर यादीऐवजी ननच राहतं. नुसतं यादी.सॉर्ट() लिहायचं.

आणि एक, रक्कम छापताना राउंड (जवळचा पूर्णांक देणारं) वापराल. राउंड(२.५) हे ३ नाही, २ देतं, आणि राउंड(३.५) हे ४. बरोबर मध्यावर असेल तर पायथन सम आकड्याकडे जातं. शाळेत शिकवलेलं नेहमी वरच जातं, त्यामुळे एखादा हुशार मुलगा हे नक्की पकडेल. बिलाचा हिशोब रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवा आणि छापतानाच १०० ने भागा, म्हणजे ०.१ + ०.२ चं ०.३०००००००००००००००४ हेही बिलात दिसणार नाही.