लॉक्ड प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग आणि एसएमपीएसची मर्यादा : आपले अनुभव लिहा

इंटेलच्या ज्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या नावापुढे 'के' नसतो, त्यांचा मल्टिप्लायर (बेस क्लॉकला, म्हणजे मूळ ठोक्याला, ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो आकडा) मनाजोगता वर नेता येत नाही, म्हणून त्यांना 'लॉक्ड' म्हणतात, आणि बहुतेक जण तेथेच विषय सोडून देतात. तरीही बेस क्लॉक, टर्बोची (भारानुसार आपोआप वाढणाऱ्या वेगाची) पायरी किंवा पॉवर लिमिट (वीज वापरण्याची मर्यादा) यांपैकी एखाद्या वाटेने अशा प्रोसेसरकडून ठरलेल्यापेक्षा जास्तीचे काम करून घेणारे, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग करणारे, आपल्यात पुष्कळ आहेत. या धाग्यात मला वेगाच्या आकड्यांपेक्षा विजेचा हिशोब वाचायला आवडेल. प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या सरळ प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे वेग २० टक्के आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्के वाढवले, तर वीज सुमारे ४५ टक्के जास्त लागते. आपल्या एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर होते आणि नवा एसएमपीएस न घेता आपण कोठे थांबलात, हे कृपया लिहावे. ज्यांनी विचार करून हा नाद सोडला, त्यांचेही स्वागत आहे. प्रतिसादाच्या वर आपल्या गावाचे नाव लिहावे.

मुंबई

माझा अनुभव जुना, पेंटियम ड्युअल-कोअर ई२१६० चा आहे. त्याचा मल्टिप्लायर ९ च्या वर जात नसे. २०० मेगाहर्ट्झच्या बसवर (हाच तेव्हाचा बेस क्लॉक) १.८ गिगाहर्ट्झ हा त्याचा ठरलेला वेग. बस ३३३ केली की ३ गिगाहर्ट्झ होतात आणि डीडीआर२-६६७ रॅमही आपल्याच वेगावर राहते, म्हणून तेव्हा हा प्रोसेसर फार लोकप्रिय होता. मात्र लॅमिंग्टन रोडवर कॅबिनेटबरोबर मिळालेल्या एसएमपीएसच्या खोक्यावर '४५० वॅट' असे ठळक छापलेले असले, तरी लेबलवर १२ व्होल्टला १४ अँपिअर, म्हणजे जेमतेम १६८ वॅट, एवढीच क्षमता होती आणि त्यातूनच ग्राफिक्स कार्डही चालायचे होते.

मी मल्टिमीटरची काळी पिन मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून येणाऱ्या चार वायरींच्या जोडणीच्या) काळ्या वायरीत आणि लाल पिन पिवळ्या वायरीत घालून प्राइम९५ (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारा प्रोग्राम) सुरू केले. एटीएक्स या एसएमपीएसच्या प्रमाणित नियमानुसार १२ व्होल्टमध्ये ५ टक्क्यांचा फरक चालतो, म्हणजे ११.४ ही खालची हद्द. व्होल्टेज वाढवून ३ गिगाहर्ट्झला नेल्यावर आकडा त्या हद्दीकडे सरकू लागला, तर मूळ व्होल्टेजवर २६६ ची बस, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ, ठेवल्यावर तो स्थिर राहिला. मी तेथेच थांबलो. पीसीआयचा (मदरबोर्डला इतर भाग जोडणाऱ्या मार्गाचा) क्लॉक ३३ मेगाहर्ट्झवर बांधून ठेवण्याची सोय मदरबोर्डमध्ये आहे ना, हे मात्र बसला हात लावण्यापूर्वी पाहिले होते, कारण ती नसेल तर तोही बसबरोबर वाढतो आणि हार्ड डिस्कवरील माहितीच धोक्यात येते.

नाशिक

स्कायलेक पिढीतील आय५-६४०० चे मूळ गणित २७ गुणिले १०० असे आहे. २०१५ च्या अखेरीस काही मदरबोर्ड कंपन्यांनी झेड१७० या चिपसेटसाठी (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपसाठी) असे बायॉस (मदरबोर्डचे मूळ सॉफ्टवेअर) दिले की लॉक्ड प्रोसेसरचाही बेस क्लॉक वाढू लागला. पुढे २०१६ च्या सुरुवातीला इंटेलने ती वाट बंद केली. मी १५० वर नेऊन ४.०५ गिगाहर्ट्झ मिळवले. एसएमपीएसने कुरकुर केली नाही, पण किंमत दुसरीकडे मोजावी लागली. त्या बायॉसमध्ये टर्बो आणि सी-स्टेट (काम नसताना वीज वाचवण्याची सोय) बंद होतात, त्यामुळे संगणक नुसता बसलेला असतानाही वीज खात राहतो. अंतर्गत ग्राफिक्स जाते. कोअरचे खरे तापमान सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही. आणि एव्हीएक्स (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या प्रोसेसरच्या सूचना) वापरणारी कामे कमालीची मंदावतात. खेळ झकास चालत, पण व्हिडिओ एन्कोडिंगसाठी मला मूळ बायॉसच परवडला.

कोल्हापूर

कार्यालयातून बाद झालेला ब्रँडेड संगणक घेणाऱ्यांसाठी दोन ओळी. आय५-२४०० हा लॉक्ड असूनही टर्बोच्या वर चार पायऱ्या, म्हणजे ३.४ वरून ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत, जाऊ देतो. पण त्यासाठी पी६७ किंवा झेड६८ चिपसेट लागतो. माझ्या यंत्रात क्यू मालिकेचा चिपसेट, २४० वॅटचा खास त्याच कॅबिनेटच्या मापाचा एसएमपीएस आणि कुलूप लावलेला बायॉस होता. विषय संपला.

लातूर

माझ्याकडे आय५-११४०० आणि बी५६० मदरबोर्ड आहे. मी केवळ पॉवर लिमिट वाढवली; याला ओव्हरक्लॉकिंग म्हणावे की नाही, हा वाद मी इतरांवर सोपवतो. इंटेलच्या शिफारशीनुसार हा प्रोसेसर २८ सेकंदांच्या हिशोबापुरता १५४ वॅटपर्यंत जातो आणि मग ६५ वॅटवर बांधला जातो. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेंडर सुरू केले की सर्व कोअर प्रथम ४.२ गिगाहर्ट्झवर पळतात आणि थोड्या वेळाने खाली येतात. रेंडर तासभर चालणार असेल, तर त्या सुरुवातीच्या धावेचा उपयोग शून्य.

आमच्याकडे वीज केव्हाही जाते, त्यामुळे माझी खरी मर्यादा एसएमपीएस नसून ६०० व्हीएचा यूपीएस आहे आणि तो प्रत्यक्षात ३६० वॅटचाच असतो. हिशोब असा केला : प्रोसेसर १५४, व्हीआरएममधील (मदरबोर्डवर प्रोसेसरसाठी व्होल्टेज उतरवणाऱ्या भागातील) घट सुमारे १८, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्डाचे ७५ आणि बाकीचे ३०, मिळून २७७ वॅट. 'ब्राँझ' दर्जाच्या एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर भिंतीतून सव्वातीनशे वॅट ओढले जातात, आणि मॉनिटर अजून धरलेलाच नाही. म्हणून दीर्घकाळाची मर्यादा १०० वॅटवर ठेवली आणि अल्पकाळाचीही तेवढीच केली, म्हणजे मध्येच उसळी नको. आता तोच हिशोब अडीचशेच्या आसपास येतो, प्लगला लावलेला वॅटमीटरही साधारण तेच दाखवतो, आणि वीज गेली तरी यूपीएस बोंबलत नाही. व्हीआरएमवर हीटसिंक नसलेल्या स्वस्त मदरबोर्डवर मात्र एवढेही करू नये.

फ्रांकफुर्ट

जानेवारी २०२२ मध्ये जर्मनीतील ओव्हरक्लॉकर 'डेअरबाउअर' यांनी आय५-१२४०० बेस क्लॉकवरून ५ गिगाहर्ट्झच्या पुढे नेऊन दाखवला, तेव्हा मलाही मोह झाला होता. पण त्यासाठी बाहेरचा क्लॉक जनरेटर असलेला मदरबोर्ड हवा, आणि ते मदरबोर्ड तेव्हा मोजके व महाग होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्याच पैशांत सरळ मल्टिप्लायर मोकळा असलेला आय५-१२६००के आला.

मुंबई

लेबल वाचणाऱ्यांसाठी एक पुरवणी. १२ व्होल्टचे दोन रकाने असतील, तर त्यांतील अँपिअरची बेरीज करू नये. त्यांच्याखाली दोन्हींची मिळून कमाल वॅट क्षमता छापलेली असते, तीच धरावी. ती छापलेलीच नसेल, तर त्या एसएमपीएसवर प्रयोग करू नये.