मदत हवी आहे : वाढत्या डुकरांच्या खाद्यातील प्रथिने आणि ऊर्जेचा मेळ

माझ्याकडील 30 ते 50 किलो वजनाच्या डुकरांना मका व सोयापेंडीचे, 18 टक्के प्रथिनांचे खाद्य चालू आहे. गरजेपेक्षा जास्त झालेली अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) शरीरात साठत नाहीत, त्यांच्यातील नायट्रोजनचा यकृतात युरिया होऊन तो लघवीवाटे जातो आणि त्यात ऊर्जाही खर्ची पडते. सकाळी शेडचे दार उघडताच डोळ्यांना झोंबणारा अमोनिया बहुधा त्या युरियापासूनच होत असावा. म्हणून प्रथिने 16 टक्क्यांवर आणून लायसिन हे अमिनो आम्ल वरून घालण्याचा विचार आहे. मात्र मागे कोंडा वाढवला तेव्हा, प्रथिने पुरेशी असूनही, वाढ मंदावली होती, बहुधा खाद्यातील ऊर्जा कमी पडल्याने. तेव्हा लायसिनचे प्रमाण खाद्यातील ऊर्जेच्या हिशेबाने कसे ठरवावे, आणि रक्तातील युरिया तपासून हा मेळ कोणी पारखला असल्यास नमुना खाद्य दिल्यानंतर किती तासांनी घेतला, हे कृपया कळवावे.