मदत हवी आहे: पूगाच्या गरम झऱ्यांत नेमकं उतरायचं कुठे?

पाऊलखुणा: परवा पहाटे लेहहून पूगाला निघतोय. रस्ता माहीत आहे. पण फोटोंत ना कुंड दिसतं, ना पाटी. नुसती वाफ आणि पांढरी खार. अंगाला सोसेल असं पाणी कुठल्या बाजूला आहे? जाऊन आलेल्यांनीच सांगा, घाई आहे.

बुलेटवाला: गाडी कुठली? माहे पुलानंतर टायरची हवा थोडी कमी करा.

पाऊलखुणा: गाडी भाड्याची, चालक सोबत आहे. पाण्याचं सांगा ना.

सायली_न: लेहमध्ये किती दिवस झाले? बरोबर कोण आहे?

भूगर्भ: झऱ्याच्या तोंडाशी पाणी 84 अंशांपर्यंत जातं. पूगा साधारण 4400 मीटरवर, तिथे पाणी 85च्या आसपासच उकळतं. म्हणजे ते उकळतंच आहे म्हणा. ओढ्याच्या खालच्या अंगाला थंड पाणी मिसळतं, तिथे थर्मामीटर बुडवून बघा. 40च्या वर असेल तर उतरू नका. आणि पांढऱ्या खारीवर पाय देऊ नका. वरचा पापुद्रा पातळ असतो, खाली कढत चिखल. माझ्या मित्राचा घोट्यापर्यंत पाय गेला होता, दोन आठवडे पट्टी होती.

रानवाट: एवढा खटाटोप कशाला? चुमाथांग वाटेतच आहे, सिंधूच्या काठी. आंघोळीची सोय आहे. मी तर सगळ्यांना तेच सांगते.

भूगर्भ: त्यांना उघड्यावरचे झरे बघायचेत. बांधलेलं न्हाणीघर म्हणजे पूगा नव्हे.

रानवाट: बघायला कोण नको म्हणतंय? उतरायला म्हणतेय.

बुलेटवाला: तिथे ओएनजीसीचा भूऔष्णिक विजेचा प्रकल्प आहे ना? 2021मध्ये करार झाला होता. तयार झाली का वीज?

पाऊलखुणा: विजेसाठी वेगळा धागा काढा, प्लीज. @सायली_न, आजच सकाळी विमानाने पोचलो. बरोबर बाबा, वय 68. गुडघ्यांसाठीच नेतोय त्यांना.

सायली_न: हे आधी सांगायचं ना! 3500 मीटरवर येऊन तिसऱ्याच दिवशी 4400? बीपीची गोळी चालू आहे का?

पाऊलखुणा: हो, रोज एक.

सायली_न: मग गरम पाण्यात शिराही सैलावतात, बीपी आणखी उतरतं. उठताना घेरी येते, आणि जवळ दवाखाना नाही. लेहमध्ये अजून दोन दिवस काढा, तिथल्या डॉक्टरांना विचारा. मग चुमाथांग, तेही फक्त पाय बुडवून.

रानवाट: तेच म्हणत होते.

पाऊलखुणा: चालकाशी बोललो, तो शुक्रवारी यायला तयार आहे. बाबांना अजून सांगितलेलं नाही. पूगाला मी एकटा उतरून येतो, ते गाडीत थांबले तर चालेल?

सायली_न: गाडीही 4400वरच असेल ना.