स्वभावाआधी गल्ली आणि भिंत पाहा

चिनी माणूस मुळातच समूहप्रिय, म्हणून त्यांचा शेजार टिकतो, असं मत अनेकदा मांडलं जातं; मला ते पटत नाही. आधी घरं कशी बांधली आहेत ते पाहायला हवं.

बीजिंगच्या हुटोंग गल्ल्यांतले चौकाचे वाडे मूळचे एकेका घराण्याचे. १९४९ नंतर एकाच वाड्यात कितीतरी बिऱ्हाडं आली. नळ सामायिक, संडास गल्लीत. ओळख न होऊन सांगते कुणाला! कारखान्यांच्या 'दानवेई' (म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेच्या) वसाहतींत तर घर, दवाखाना, बालवाडी, खानावळ सगळं एकाच भिंतीच्या आत. १९९८च्या सुधारणांनंतर घरं वाटून देणं थांबलं आणि लोक विकतच्या उंच इमारतींत गेले. भिंत आणि फाटक राहिलं, पण शेजारी आता सहकारी नव्हता. आज तिथे ओळखी होतात त्या बहुतेक आवारात, नातवंडं खेळवणाऱ्या आजी-आजोबांच्या.

२०१६ साल तर फारच बोलकं आहे. चीन सरकारने नव्या वसाहतींना कुंपण नको, जुन्यांचे आतले रस्ते हळूहळू खुले करा, असं सांगितलं. सुरक्षिततेच्या काळजीने रहिवासी नाराज झाले. त्याच वर्षी बार्सिलोनाने पोब्लेनोऊ भागात रस्त्यांनी वेढलेल्या इमारतींच्या नऊ चौकोनांचा एक गट करून आतून आरपार जाणारी वाहनं रोखली, चौकांत बाकं आणि खेळ आणले. विरोध तिथेही झाला. पण त्या बाकावर पलीकडच्या वस्तीतलं कुणीही बसू शकतं. चिनी आवारात आधी फाटकावरचा रखवालदार भेटतो. मला हा फरक स्वभावापेक्षा कितीतरी मोठा वाटतो.