घंटेच्या पलीकडचा वारसा

चर्च आसपासच्या वस्तीला देते ती केवळ एक इमारत आणि रविवारची घंटा, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) ठाणे मांडले, तेथील उदाहरण पाहावे. मिशनच्या मिस सिंथिया फॅरार यांनी तेथे चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतीराव फुले यांनी पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. म्हणजे एका मंडळीच्या (चर्चच्या समुदायाच्या) आवारातील उपक्रमाचे पडसाद थेट भिडेवाड्यापर्यंत उमटले. पुढे १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी स्थापलेल्या अहमदनगर कॉलेजात तर आसपासच्या खेड्यांतील, सर्व धर्मांच्या घरांतील मुले शिकली. यामागे धर्मप्रसाराचा हेतू नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, आणि त्यावरची टीका मला मान्य आहे. परंतु शाळेचा लाभ हेतूपुरता मर्यादित राहिला नाही. उपासनेत पेटी-तबल्यावर अभंगाच्या चालीत गाइली जाणारी भजने ऐकली, की या मंडळीनेही वस्तीकडून किती घेतले, तेही ध्यानात येते.