एम प्लस एस म्हणजे हिवाळी टायर नव्हे

फोर-व्हील ड्राइव्ह आहे आणि टायरवर एम प्लस एस (M+S, म्हणजे मड प्लस स्नो, चिखल आणि बर्फ) छापलंय, मग वेगळे हिवाळी टायर कशाला, असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते छान, पण थांबताना उपयोगी पडतं ते रबरच. तापमान ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की उन्हाळी टायर कडक होत जातो, हिवाळी टायर मऊ राहतो. आणि एम प्लस एस मिळतं ते टायरच्या नक्षीवरून, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, हे चिन्ह मात्र बर्फावरच्या पकडीची चाचणी पार केल्यावरच मिळतं. तेच बघून घ्या.

पिकअपवाल्यांनो, चारही टायर एकदम बदला. पैसे वाचवायला मी एकदा फक्त पुढे दोन हिवाळी टायर लावले होते. उतारावर ब्रेक दाबला, पुढच्या चाकांनी रस्ता धरला आणि मागचा रिकामा हौदा गर्रकन आडवा झाला. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून वाचलो. दुसऱ्याच दिवशी मागचे दोन घेतले.