वास्को द गामाचं पान फाडायचं म्हणे!

दापोलीची_आई: काल इथे कुणीतरी लिहिलं की वास्को द गामा लुटारू होता, पोरांना शिकवूच नका, ते पान फाडून टाका, आणि खाली सगळ्यांचे अंगठेच अंगठे. अहो पान फाडलंत तर पोरगं मोबाईलवर बघणार, तिथे तो हिरोच असतो. "भारताचा शोध लावला" हे मी पण लेकाला खोडायला लावलं, भारत काय हरवला होता? पण बाकीचं सांगितलं. जुलै १४९७ ला लिस्बनहून चार जहाजं निघाली, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मालिंदीच्या पुढची वाट ठाऊक नाही म्हणून तिथूनच वाटाड्या घेतला, २० मे १४९८ ला कालिकतजवळ पोचले. आणि तिथल्या राजाला, झामोरीनला, नजराणा काय, तर टोप्या, हात धुवायची भांडी, साखर, तेल, मध! दरबारातले हसले. माझ्या लेकाच्या तर नाकातून दूध आलं.

तिरफळ: हसा. १५०२ ला परत आला तेव्हा मक्केहून येणारं यात्रेकरूंचं जहाज बायकापोरांसकट जाळलं. ते सांगितलंत, की दूध पुसण्यात राहिलं?

दापोलीची_आई: पाचवीतल्या पोराला हे सांगू?

तिरफळ: आमच्या आज्जीने पहिलीत असताना अफझलखानाचा कोथळा हातवारे करून सांगितला, कुणाला ताप आला नाही.

थर्माकोल_पीडित: धडा राहू दे, आधी ते प्रोजेक्ट बंद करा. "गामाचे जहाज बनवून आणा" हे आमच्या कन्येला रात्री साडेदहाला आठवलं, दुकानं बंद, शेवटी करवंटीचं जहाज आणि माझ्या बनियनचं शीड. शिडावर लाल क्रॉस नाही म्हणून दहापैकी सहा. सहा मला पडले, तिला नाही.

चिपळूणचा_मास्तर: प्रोजेक्ट आम्ही हौसेने देत नाही हो, वरून येतं. पोराला करू द्या म्हणून घसा फोडतो, दुसऱ्या दिवशी सगळे आर्किटेक्टचं काम घेऊन हजर.

थर्माकोल_पीडित: मग वाकड्या जहाजाला दहा द्या की! कधी दिलेत?

चिपळूणचा_मास्तर: दिले. त्याच्या आईचा फोन आला, "आमच्या मुलाची कीव केलीत का?" आता बोला.

हर्णैचा_नाखवा: भांडताय कशावर! मुद्दा वाऱ्याचा आहे. मालिंदीहून येताना महिनासुद्धा लागला नाही, वारं पाठीशी होतं. परत जाताना हा ऑगस्ट संपता संपता कालिकतहून निघाला, कारवारजवळ अंजदीव बेटावर जहाजं साफ केली, आणि ऑक्टोबरात तिथून सुटला तो आफ्रिका दिसायला जवळजवळ तीन महिने. हिरड्या सुजून माणसं मेली, इतकी की एक जहाज चालवायला कुणी उरलं नाही म्हणून स्वतःच जाळलं. वारं फिरेपर्यंत थांब, हे आमच्याकडचं शेंबडं पोर पण सांगेल. आम्ही जून-जुलै होड्या वर ओढून बसतो ते काय झोप येते म्हणून? धड्यात हे घाला. आणि मोठ्या जाळ्यांनी मासळी उपसणाऱ्या पर्ससीनवाल्यांवर पण एक धडा घाला, बांगडा राहिला नाही आम्हाला.

तिरफळ: बांगडा कुठून आला मध्येच! पण वाऱ्याचा धडा चालेल नाखवा, त्यात तुमचा गामा टोप्या घेऊन आला तरी चालेल. यात्रेकरूंचं जाळलेलं जहाज मात्र हवंच.

दापोलीची_आई: बरं बाबा, सांगते आज रात्री. झोपला नाही तर तुमच्या आज्जीकडे पाठवते.